विश्लेषण : ब्रिटनची युद्धकाळातली घरे पडद्यावर आली, रत्नागिरीची का नाही?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने कारखान्यातल्या मुली, रेशनच्या रांगा आणि रिकामी झालेली घरे यांवर कथापट काढायला प्रोत्साहन दिले. त्याच सरकारची सत्ता असलेल्या मुंबई प्रांतात कच्च्या फिल्मचा तुकडाही परवान्याशिवाय मिळत नव्हता. कोकणातल्या घरांनीही युद्ध सोसले. पण त्यांची गोष्ट चित्रपटात आली नाही. हे कसे घडले?

‘गृहआघाडी’ म्हणजे नेमके काय?

युद्ध म्हटले की डोळ्यांपुढे रणगाडे आणि विमाने येतात. पण १९३९ ते १९४५ या काळातले युद्ध कारखाने, शेते, गोद्या आणि स्वयंपाकघरे यांच्या जोरावर लढले गेले. तोफगोळे कोणी तरी बनवायचे, गणवेशाचे कापड कोणी तरी विणायचे, आणि घरातला कर्ता पुरुष दूर असताना चूल कोणी तरी पेटती ठेवायची. या सगळ्याला इंग्रजीत ‘होम फ्रंट’ म्हणतात, मराठीत गृहआघाडी. ब्रिटनमध्ये ही आघाडी सांभाळणाऱ्यांचे मनोधैर्य टिकवणे हे सरकारी काम मानले गेले आणि त्यासाठी माहिती मंत्रालयात चित्रपटांचा स्वतंत्र विभाग होता. नुसत्या घोषणांनी माणसे कंटाळतात, गोष्ट सांगितली तर ऐकतात, हे त्या विभागाला लवकर उमगले.

त्यातून ‘द जेंटल सेक्स’ (१९४३), ‘धिस हॅपी ब्रीड’ (१९४४) असे अनेक चित्रपट तयार झाले. मात्र गृहआघाडीचा चित्रपट कसा असावा याचा नमुना म्हणून आजही नाव घेतले जाते ते ‘मिलियन्स लाइक अस’चे.

‘मिलियन्स लाइक अस’मध्ये काय आहे?

फ्रँक लाँडर आणि सिडनी गिलियट या लेखक-दिग्दर्शक जोडीचा हा १९४३ चा चित्रपट. मंत्रालयाच्या मनात माहितीपट होता. या दोघांनी कथापटाचा आग्रह धरला. नायिका सीलिया ही अगदी साधी, थोडी स्वप्नाळू मुलगी. ब्रिटनने डिसेंबर १९४१ मध्ये कायदा करून २० ते ३० वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रीय सेवा सक्तीची केली होती. सीलियाला हवाई दलाचा गणवेश हवा असतो. वाट्याला येतो विमानांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. ती घर सोडून मुलींच्या वसतिगृहात राहायला जाते, यंत्रावर काम शिकते, एका लाजाळू स्कॉटिश हवाई सैनिकाच्या प्रेमात पडते, लग्न करते. आणि काही दिवसांतच तो मोहिमेवर मारला जातो. शेवटी कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्या जणी गाणे म्हणत असतात, छपरावरून विमाने जातात, आणि सीलिया हळूहळू त्या गाण्यात सामील होते.

यात प्रचार आहेच. पण तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. युद्धामुळे संत्री इतकी दुर्मीळ झाली होती की सुरुवातीलाच संत्रे म्हणजे काय, हे प्रेक्षकांना गमतीने समजावून सांगितले जाते. सरकारच्या मदतीने बनलेला चित्रपट सरकारी टंचाईची थट्टा करतो! कारखान्यातला मुकादम आणि श्रीमंत घरातली मुलगी यांचे प्रेम जमते, पण तो लग्नाला होकार देत नाही. आज युद्ध आहे म्हणून आपण एकत्र आहोत, उद्या तुमची माणसे आणि आमची माणसे पुन्हा वेगळी होणार का, ते आधी पाहू, असे त्याचे म्हणणे. उत्तर न देता चित्रपट तो प्रश्न तसाच ठेवतो. लोकांची कुरकुर पडद्यावर येऊ दिली की लोक पडद्यावर विश्वास ठेवतात, हे या चित्रपटाचे मर्म म्हणावे लागेल.

रत्नागिरीची गृहआघाडी कशी होती?

त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग त्यातच होता. (स्वतंत्र सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला.) सीलियाच्या देशात घर रिकामे होणे ही युद्धाने आणलेली नवी गोष्ट होती. रत्नागिरीत ती जुनीच होती. पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, बोटीवर. बाई गावाला शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि पोरे सांभाळणार. आणि दोघांमध्ये पोस्टमनने आणलेली मनीऑर्डर. गावात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असणे हे जिल्ह्याचे कायमचे लक्षण. २०११ च्या जनगणनेतही राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत १,१२२. म्हणजे जगाने ज्याला १९४० च्या दशकात गृहआघाडी म्हटले, ती इथल्या बायका आधीपासूनच चालवत होत्या.

युद्धाने त्यावर आणखी भार टाकला. पहिला फटका ताटाला बसला. कोकणात भात पिकतो, मग तांदळाची तूट कशी, असा प्रश्न पडेल. पण डोंगर आणि कातळ यांतून उरलेल्या खाचरांतले भात वर्षभर पुरत नसे. जिल्हा धान्याच्या बाबतीत कायम तुटीचा, आणि मुंबई प्रांताच्या किनारपट्टीला ब्रह्मदेशच्या तांदळाचा आधार होता. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि तो आधार एका झटक्यात तुटला. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला ब्रिटिशांनी तीस वर्षे याच रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले होते, तो १९१६ मध्ये इथेच वारला. त्याच्या देशात आता ब्रिटिशांचा पराभव झाला आणि त्याची झळ रत्नागिरीच्या चुलीला लागली.

मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. चाकरमानी मुंबईत कार्डावरचे धान्य मोजून घेऊ लागला आणि गावाकडे पाठवायच्या पैशांत कमी धान्य येऊ लागले. मनीऑर्डरचा आकडा तोच, पण महागाईने त्याची किंमत अर्धी करून टाकली. आज सरकारी कर्मचारी ज्याच्या वाढीची वाट पाहतात तो महागाई भत्ता याच युद्धकाळातल्या कामगारांच्या लढ्यांतून रुजला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० मध्ये त्यासाठीच मोठा संप केला होता. त्या गिरण्यांतल्या खात्यांमध्ये कोकणातली माणसे किती होती, हे गिरणगावात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

तांबे युद्धासाठी हवे होते, म्हणून १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा पाडला गेला. चांदीचा रुपया त्याआधीच हलका झाला होता. १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची कागदी नोटही निघाली. साठवायचा रुपया हाच ज्यांचा विमा, त्या बायकांना या बदलाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पेट्रोल नियंत्रित झाल्याने मोटारी कोळशाच्या वायूवर धावू लागल्या, त्याही घाट चढताना दमत. रेल्वे कोकणात यायला अजून अर्धशतक बाकी होते. उरली आगबोट, आणि ती पावसाळ्यात बंद.

शिवाय सैन्यभरती. मराठा लाइट इन्फन्ट्रीत कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या मुले जात. त्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय अवघे २२. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. कोकणातल्या महार समाजाची लष्करी परंपरा जुनी, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ती भरती बंद केली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला त्या डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातच आहे. भरतीचा अर्थ कोणासाठी पोट, कोणासाठी मान, कोणासाठी दोन्ही, असा प्रत्येक घराला वेगळा होता.

मुंबईत फिल्म कोणाच्या हातात होती?

कच्ची फिल्म परदेशातून येत असे आणि युद्धात जहाजांवरची जागा मोलाची झाली. १९४२ मध्ये सरकारने कथापटाची लांबी ११ हजार फुटांवर आणली. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे दोन तासांचा चित्रपट. तीन-तीन तासांच्या, डझनभर गाण्यांच्या चित्रपटांना सरावलेल्या निर्मात्यांना ही कात्री जिव्हारी लागली. पुढच्या वर्षी परवाना पद्धत आली. फिल्म हवी असेल तर सरकारकडे जा, आणि बदल्यात युद्धप्रयत्नांना पूरक असा चित्रपट करा, असा तो व्यवहार होता.

याला समांतर सरकारची स्वतःची यंत्रणाही होती. १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायजरी बोर्ड स्थापन झाले, जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते आणि निर्मितीची सूत्रे काही काळ व्ही. शांताराम यांच्याकडेही होती. पुढे त्याची जागा ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ने घेतली. १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांत ४४-अ हे कलम आले आणि प्रत्येक थिएटरला मुख्य चित्रपटाबरोबर सरकारमान्य रीळ दाखवणे सक्तीचे झाले. त्याचे भाडेही थिएटरवाल्यानेच द्यायचे! प्रेक्षक ती रिळे सुरू असताना बाहेर विडी ओढत उभे राहत, यात नवल नाही. ब्रिटनमध्ये संत्र्याची थट्टा करणारे सरकार इथे थट्टेच्या मनःस्थितीत नव्हते.

मराठी चित्रपटाला या टंचाईची झळ जास्त बसली. परवाना एकाच चित्रपटाचा मिळणार असेल तर देशभर चालणारी हिंदी आवृत्ती काढणे निर्मात्याला परवडे. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत मराठी चित्रपटांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी खाली आली. मास्टर विनायक कोल्हापूर सोडून मुंबईला आले आणि हिंदीकडे वळले. कोकणी बाईच्या घराची गोष्ट सांगायची तर ती मराठीत सांगावी लागणार. आणि मराठीसाठीच फिल्म उरली नव्हती.

निर्मात्यांनी यातून वाट कशी काढली?

परवान्याची अट पाळायची, पण सरकारची तळी उचलायची नाही, हा खेळ त्या काळात अनेकांनी खेळला. ‘किस्मत’ (१९४३) मधल्या कवी प्रदीप यांच्या गाजलेल्या गाण्यात परक्यांना देश सोडायला सांगितले आहे. पण त्यात जर्मन आणि जपानी यांचा उल्लेख घातल्यामुळे ते सेन्सॉरमधून सुटले. प्रेक्षकांना परके कोण ते बरोबर कळले.

सर्वात चतुर उत्तर शांताराम यांचे. त्यांनी युद्धप्रयत्नांचा चित्रपट म्हणून विषय निवडला तो सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. जपान हा ब्रिटनचाही शत्रू, त्यामुळे सरकारला हरकत घेता येईना. पण पथक पाठवले होते काँग्रेसने, ज्या पक्षाचे नेते त्या वेळी तुरुंगात होते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पडद्यावर आला तोवर १९४६ उजाडले आणि युद्ध संपले होते. संगीत वसंत देसाई यांचे, म्हणजे सावंतवाडीकडच्या माणसाचे; या सगळ्या प्रकरणात तळकोकण डोकावते ते एवढेच. मास्टर विनायक यांचा ‘बडी माँ’ (१९४५) हाही युद्धप्रयत्नांशी जोडलेलाच चित्रपट. त्यात नूरजहाँ होत्या आणि लहानशा भूमिकांत लता व आशा या मंगेशकर भगिनीही.

या चित्रपटांत शौर्य आहे, त्याग आहे, देश आहे. नाही ती सीलिया. मनीऑर्डर आली नाही म्हणून सावकाराच्या ओटीवर बसलेली बाई यातल्या एकाही चौकटीत येत नाही. त्या काळातल्या उपासमारीला थेट भिडला तो अब्बास यांचा ‘धरती के लाल’ (१९४६), आणि तो बंगालच्या दुष्काळावर होता. कामगारवस्त्यांत युद्ध पोहोचवले ते कॅमेऱ्यापेक्षा डफाने. अण्णाभाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा मुंबईच्या कामगारांनी डोक्यावर घेतला. पण तोही दूरच्या रशियन शहराचा. गावाकडच्या चुलीचा नव्हे.

गोदीचा स्फोट पडद्यावर का दिसला नाही?

गृहआघाडीवर प्रत्यक्ष मृत्यू येतो तेव्हा काय होते, याचे उत्तर मुंबईला १४ एप्रिल १९४४ रोजी मिळाले. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरली होती. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचे अंदाज ८०० ते १,३०० असे वेगवेगळे आहेत. त्यात ६६ जण अग्निशमन दलाचे. गोदीलगतच्या वखारी जळाल्या आणि रेशनिंगच्या दिवसांत हजारो टन धान्य राख झाले.

हा गोदीचा परिसर म्हणजे कोकणी माणसाची मुंबई. आगबोटीतून उतरायचा भाऊचा धक्का जवळच. हमाल, खलाशी, गोदी कामगार यांची खोली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पण घरच्यांना कळणार कसे? युद्धकालीन सेन्सॉरशिपमुळे बातमीदारांना या स्फोटाचे वृत्तान्त पाठवायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत परवानगी नव्हती. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी तपशिलाने बातमी दिली. आपल्या शहरात काय झाले हे शत्रूच्या रेडिओवरून ऐकण्याची ही तऱ्हा! गावाकडे तर रेडिओही क्वचितच. तिथे बातमी म्हणजे पत्र, नाही तर बोटीतून उतरणारा माणूस.

आणि या दुर्घटनेचे चित्रण झाले होते, हे फारसे सांगितले जात नाही. छायाचित्रकार सुधीश घटक (दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचे थोरले बंधू) यांनी केलेले चित्रण लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केले. त्यातले काही भाग नंतर वृत्तपटात दाखवण्यात आले. ब्रिटनमध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले लंडन सरकारच जगाला दाखवत होते, कारण ती शत्रूची करणी होती. इथला विध्वंस निष्काळजीपणाचा होता, स्वतःच्या व्यवस्थेचा होता.

मग खरा अडथळा फिल्मचा होता की आणखी कशाचा?

फिल्मची टंचाई खरी होती, पण ती ब्रिटनमध्येही होती. फरक संमतीचा होता. ‘मिलियन्स लाइक अस’चा प्रेक्षक कुरकुरत असला तरी युद्ध आपले आहे असे मानत होता. म्हणून कुरकुर दाखवणे सरकारला परवडले. भारत युद्धात उतरल्याची घोषणा व्हाइसरॉयने ३ सप्टेंबर १९३९ रोजी इथल्या कोणालाही न विचारता केली. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४२ ला चले जाव आंदोलन पेटले, शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. दुसरीकडे, ज्यांनी रत्नागिरीत १३ वर्षे स्थानबद्धतेत काढली ते सावरकर तरुणांना सैन्यात जायला सांगत होते. युद्ध कोणाचे, याचेच एकमत नसलेल्या जिल्ह्यात गृहआघाडीचा प्रामाणिक चित्रपट काढायचा तर पहिल्याच दृश्यात कोणी तरी विचारले असते, ‘कशासाठी?’ आणि ते दृश्य सेन्सॉरच्या टेबलावरच राहिले असते.

दुसरे कारण आपल्याच बाजूचे आहे, आणि ते सांगायला हवे. १९४७ नंतर सेन्सॉर गेला नाही तरी इंग्रज गेला होता. तेव्हाही मराठी चित्रपटाला युद्धकाळातल्या गावची बाई दिसली नाही. तमाशापट आला, ऐतिहासिकपट आला, कौटुंबिक अश्रुपट तर उदंड आले. मनीऑर्डरवर चालणारे घर ही कोकणात इतकी सवयीची गोष्ट होती, की त्यात गोष्ट आहे असे कोणाला वाटलेच नसावे.

त्या काळातले आज काय शिल्लक आहे?

यंत्रणा बऱ्याच टिकल्या. रेशन कार्ड टिकले, महागाई भत्ता टिकला. ‘इन्फर्मेशन फिल्म्स’ १९४६ मध्ये बंद झाली, पण १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने तिचाच वारसा चालवला आणि चित्रपटाआधी सरकारी वृत्तपट दाखवण्याची सक्ती स्वतंत्र भारताने पुढे कित्येक दशके कायम ठेवली. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

घरांत उरल्या आहेत त्या किरकोळ वस्तू. भोकाचा पैसा अजून अनेकांच्या देवघरातल्या डबीत सापडतो, पलटणीतून आलेली पदके ट्रंकेत तळाशी असतात, आणि मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा, ज्यावर चार ओळींचा निरोप मावायचा, तो एखाद्या पोथीत जपलेला असतो. ब्रिटनमध्ये सामान्य माणसांच्या युद्धकाळातल्या डायऱ्या १९३७ पासून चाललेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या प्रकल्पाने पद्धतशीर गोळा केल्या. आजचे तिथले चित्रपट आणि मालिका त्यावरच पोसल्या जातात. इथल्या बहुतेक बायकांना लिहिता येत नव्हते, त्यांची पत्रे मास्तर नाही तर पोस्टमन वाचून दाखवत. जे आहे ते सांगण्यात आहे, आणि १९४३ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आता नव्वदीच्या पुढे गेली आहे.